मागून आणलेले कटोरे

चहाचा कप हातात दिला तरी मुन्शीजी लगेच तो तोंडाला लावत नसत. आधी मधल्या बोटाच्या नखाने कपाच्या काठावर टिचकी मारत, मान तिरपी करत, आणि घरात कोणी बोलत असलं तर डावा हात वर करून म्हणत, "थांबा जी, आयकू द्या." सगळं घर गप्प. भरलेला कप खरं बोलत नाही असं त्यांचं मत होतं, म्हणून चहा संपला की पुन्हा एकदा टिचकी. मग निकाल. "निषादाच्या जवळ हाय. पर टिकत नाई." चहा कसा झाला होता हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. माझ्या बायकोला याचा फार राग यायचा.

भांड्यांना टिचक्या मारणारा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल. आमचे मुन्शीजी त्यातले नव्हते, म्हणजे चाळा म्हणून मारणारे नव्हते. ते जलतरंग वाजवत.

गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं लहानसं तहसिलीचं गाव होतं. मी तिथे पोस्टात बाबू होतो आणि मुन्शीजी गावाबाहेरच्या एका लाकूड ठेकेदाराच्या डेपोत हिशेबनीस. सागाच्या लठ्ठ्यावर हातोडा मारून आतून तो पोकळ आहे की भरीव, हे ते आवाजावरून सांगत, आणि करवतीखाली गेल्यावर ते खरं निघे. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, खांद्यावर कायम एक धुतलेला पंचा. लग्नानंतर तीन-चार वर्षांतच बायको वारली, मूल नव्हतं. तरुणपणी कुठल्याशा फिरत्या नाटक कंपनीबरोबर हिंडले होते आणि तिथल्या वादकाचे कटोरे धुता धुता वाजवायला शिकले होते. त्यांची माणसं बालाघाटकडची. पण मी पोस्टातला असल्यामुळे एवढं छातीठोक सांगू शकतो की सात वर्षांत त्यांच्या नावाचं एकही पत्र माझ्या हातून गेलं नाही.

डेपोतच एका खोलीत ते राहत. बोलावल्याशिवाय कुठे जात नसत आणि बोलावलं तरी जात नसत. म्हणत, "बिना कामाचं कोनाच्या दारात उभं राहू नये, बाबू. घरच्यायले वाटते, हा काऊन आला?"

आता आमच्या वाद्यमंडळाबद्दल. मंडळ हा शब्द मोठा झाला. शाळेचे ड्रिल मास्तर क्लॅरिओनेट वाजवत, जंगल खात्यातला एक कारकून व्हायोलिन, एक शिंपी तबला, मी पेटी. पेटी मी बेताचीच वाजवायचो, म्हणून मला सेक्रेटरी केलं होतं. धान कापून झालं की आमचा मोसम सुरू होई. दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट, कुणाच्या गावात नाटक असलं तर त्याच्या आधी तासभर आम्ही. असं शिमग्यापर्यंत चाले. बैलगाडी मालगुजारांची, सतरंज्या किराणा दुकानदाराच्या, गॅसबत्ती शाळेची. गावाने दिलं नसतं तर आम्ही झाडाखाली बसून एकमेकांनाच ऐकवलं असतं.

आणि मुन्शीजींचे कटोरेही गावाचे होते. स्वतःचे त्यांच्याकडे दोनच. बाकीचे चौदा ते दरवर्षी दिवाळी झाली की घरोघर जाऊन मागून आणत. कुठे चिनी मातीचा वाडगा, कुठे काशाची वाटी, डॉक्टरांकडचं एक विलायती सूपचं भांडं. कोणत्या घरात कोणता सूर आहे हे त्यांना पाठ होतं. घराची ओळखही ते तशीच सांगत. "पंचमाच्या घरी पोरगी झाली," म्हणजे शिंप्याकडे. माझ्या घरी रिषभ होता.

या मागण्याला त्यांना पंधरा दिवस लागत. टिचकी मारून वाटी घ्यायची आणि निघायचं, एवढंच असतं तर दोन दिवसांत झालं असतं. पण भांडं मागायला आलेल्या माणसाला कोणी उभ्या उभ्या वाटेला लावत नाही. बसा जी, चहा घ्या, आता जेवूनच जा. मुन्शीजी जेवत. पोरांना वाटीत पाणी घालून सूर कसा उतरतो ते दाखवत. एखाद्या कपाला न दिसणारी चीर असली तर ती आवाजावरून ओळखत आणि बजावत, "ह्याच्यात पोराले गरम दूध देऊ नोका, फुटते हा." आणि मोसम संपला की परत करायला पुन्हा पंधरा दिवस. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून मोहफुलं, चिंच, जंगलातून जे मिळेल ते वाटीत घालून नेत. त्यावर घरोघरी पुन्हा जेवण. हा महिना सोडला तर वर्षभर त्यांना मी दुसऱ्याच्या घरात कधी पाहिलं नाही.

एकदा नायब तहसीलदारांच्या बाईंनी वाटी देता देता विचारलं, "मुन्शीजी, आमच्या वाटीच्या शेजारी कोणाची वाटी असते हो?"

शेजारी असे रखमाबाईंचा वाडगा. रखमाबाई धिवराची, तलावावरचे मासे बाजारात विकणारी. तिच्या नवऱ्याने चांद्याच्या यात्रेतून आणलेला निळ्या फुलांचा वाडगा म्हणजे आमचा मध्यम. सबंध तहसिलीत तसा मध्यम नव्हता.

मुन्शीजी अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "बाई, तुमचा गंधार. गंधाराच्या बाजूले मध्यमच येते. मी काय करू? सरगम माह्या हातची नाई."

बाईंनी वाटी दिली.

कार्यक्रमात तर गंमतच असे. राग कोणाला कळत नसे, पण आपलं भांडं सगळ्यांना कळे. मुन्शीजींची काडी निळ्या वाडग्यावर पडली की बायकांतून रखमाबाईंचा आवाज यायचा, "माहा वाजला!" मग दुसरी म्हणे, "आमचा तं दोनदा वाजला." कार्यक्रम संपला की आपापलं भांडं शाबूत आहे ना, हे बघायला माणसं मंचावर चढत. पाणी सांडे, सतरंजी ओली होई, मुन्शीजी घोळक्याच्या मध्ये बसून प्रत्येकाला "हाय जी, जिंदा हाय," असं सांगत. मला हा गोंधळ मुळीच आवडत नसे. माझ्या हातून कधी एक पार्सल फुटलेलं नव्हतं. मला सगळं कसं शिस्तीत लागे.

त्यातच एका वर्षी मोसमाच्या ऐन मध्यात डॉक्टरांकडे पाहुणे आले आणि त्यांनी आपलं भांडं परत नेलं. दुसऱ्या दिवशी मंडईत मुन्शीजींना एक सूर गाळून वाजवावं लागलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही, पण माझ्या डोक्यात भरलं. मी ठरवलं, मुन्शीजींची ही वणवण थांबवायची. या वयात माणसाने दारोदार भांडी मागत का हिंडावं?

मी वर्गणी काढली आणि गावाने हात सैल सोडला. कोणी नाही म्हटलं नाही, रखमाबाईंनीही नाही. नागपूरच्या एका वाद्यांच्या दुकानामार्फत कलकत्त्याहून सोळा कटोऱ्यांचा संच मागवला. लाकडी पेटीत गवत घालून तो माझ्याच पोस्टात उतरला आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्या कार्यक्रमात मालगुजारांच्या हस्ते तो मुन्शीजींना दिला. हार घातला. मी भाषण केलं. त्यात "आता मुन्शीजींना कोणाच्या दारी जायला नको," असं वाक्य होतं आणि त्यावर टाळ्या पडल्या. ते वाक्य मी आदल्या दिवशी बसून लिहिलं होतं, हे आज सांगायला लाज वाटते.

मुन्शीजींनी सोळाही कटोरे एकेक करून वाजवून पाहिले. म्हणाले, "बराबर हाय. सारे बराबर हाय."

मला ती शाबासकी वाटली.

त्या वर्षी आम्ही जितकं सुरेल वाजवलं तितकं कधीच वाजवलं नव्हतं. लोकांनी शांतपणे ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. मंचावर कोणी चढलं नाही. सतरंजी कोरडी राहिली. मुन्शीजी एकटेच कटोऱ्यांतलं पाणी बादलीत ओतत, पंच्याने एकेक पुसत, गवतात ठेवत. मी त्या मोसमाच्या अहवालात लिहिलं: श्रोत्यांची शिस्त वाखाणण्यासारखी.

महिनाभराने ते पोस्टाच्या खिडकीशी आले. पंच्यात कटोऱ्याचे तुकडे होते.

"बाबू, धैवत फुटला." मग म्हणाले, "गावातून एखादा पाहू का? ड्रिल मास्तराच्या घरी एक हाय. दोन-चार घरं फिरून..."

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच नागपूरला पत्र टाकलं. आठव्या दिवशी धैवत हजर. सही करताना ते म्हणाले, "लवकर आला." मी फुशारून गेलो.

पुढे थोड्याच दिवसांत पंचम फुटला. या वेळी मी वैतागलो. "मुन्शीजी, हात थरथरतात का तुमचे? गावाच्या पैशाची वस्तू आहे," असं खिडकीतूनच, चार माणसांदेखत बोललो. आणि अक्कल अशी की एकाऐवजी दोन जादा कटोरे मागवून ठेवले, म्हणजे पुन्हा अडायला नको.

ते खाली बघत म्हणाले, "नाई बाबू. आता नाई फुटनार."

आणि खरंच त्यानंतर एकही फुटला नाही. तो मोसम गेला, पुढचाही गेला. मुन्शीजी यायचे, वाजवायचे, पेटी मंडळाच्या कपाटात ठेवून किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि डेपोकडे निघायचे. त्यांच्या वाजवण्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

तिसऱ्या वर्षी दिवाळीचा फराळ करताना बायको म्हणाली, "मुन्शीभाऊ आपल्या घरी येऊन तीन वर्षं झाली ना जी?"

"त्यांना यायचं काही कारण नाही आता," मी म्हणालो.

"होय ना," ती म्हणाली. "कारनच नाई ठेवलं तुमी."

तिने ते अगदी सहज म्हटलं आणि ती कढईकडे वळली. मी चकली ताटात परत ठेवली. चौदा घरं होती त्या माणसाला. वर्षातून दोनदा त्यांची दारं उघडत. ती सगळी मी एका पेटीच्या बदल्यात बंद केली होती आणि वर हार घातला होता. धैवत कसा फुटला, पंचम कसा फुटला, हे तेव्हा मला कळलं. तो माणूस दोनदा माझ्या खिडकीशी येऊन आपली घरं परत मागून गेला होता, आणि मी दोन्ही वेळा त्याला पार्सल दिलं होतं.

मी त्यांना जेवायला बोलावलं. "येतो जी," म्हणाले आणि आले नाहीत. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. तेव्हा मी, ज्याने जन्मात कधी खोटी नोंद केली नाही, एक खोटं ठरवलं. कपाटाची किल्ली घरात डाळीच्या डब्यामागे दडवली, आणि दुसऱ्या दिवशी टपाल लवकर आटपून डेपोकडे गेलो. सांगणार होतो की किल्ली हरवली, कुलूप फोडायला मंडळ तयार नाही, मोसम तोंडावर आलाय, आता गावातूनच कटोरे गोळा करावे लागतील, लागा कामाला.

डेपोत त्यांच्या जागी एक नवा पोरगेला मुन्शी बसला होता.

"ते गेले नं जी. चार दिवस झाले. ठेकेदाराची तोड तिकडं सिरोंच्याच्या जंगलात सुरू झाली. कोनी जायले तयार नोहतं. हे सोताहून म्हनाले, मी जातो."

"गावात कुणाला सांगितलं नाही?"

"मले नाई माहीत," तो म्हणाला. "कोनी भेटायले आलं नाई, एवढं माहीत हाय."

आठवड्याने रखमाबाई पोस्टाच्या खिडकीशी आली. मासे विकून परत चालली होती. म्हणाली, "बाबू, मुन्शीभाऊले सांगजा, माहा वाडगा घासून ठेवला हाय. दर दिवाळीले ठेवतो मी. तुमच्या त्या पेटीतला एखादा फुटला तं लागंल म्हनून." मी तिला ते गेल्याचं सांगितलं. तिने डोक्यावरची टोपली उतरवून खाली ठेवली. मग म्हणाली, "एकदा घरी येऊन जायाचं व्हतं."

त्या दिवशी मी मुन्शीजींना कार्ड लिहिलं. पत्ता म्हणून ठेकेदाराचं नाव, जंगल कॅम्प, सिरोंचा. मजकूर थोडाच होता. किल्ली हरवली आहे. कटोरे गावातून मागावे लागतील. रखमाबाईंनी मध्यम तयार ठेवला आहे, माझ्याकडे रिषभ आहे, बाकीची घरं तुम्हालाच ठाऊक. काम पुष्कळ आहे, तरी लवकर यावे.

मोसम सुरू झाला. जलतरंगाशिवायच वाजवलं. शिमगा जवळ आला तेव्हा एका सकाळी टपालाची थैली सोडताना ते कार्ड माझ्या हातात आलं. चिखलाचे डाग पडलेले, कोपरा दुमडलेला. पत्त्यावर तिकडच्या पोस्टमनने तिरकी रेघ मारून लिहिलं होतं, "घेणारा ठिकाण सोडून गेला. कोठे गेला माहीत नाही. पाठवणाऱ्यास परत."

खिडकीशी माणसं खोळंबली होती. मी कार्डावर त्या दिवसाचा शिक्का मारला, वहीत नोंद केली, आणि नियमाप्रमाणे ते पाठवणाऱ्याच्या हवाली केलं, म्हणजे माझ्याच खिशात ठेवलं.