कोंडवाड्यातून सुटलेला व्हायरस

मेलेला व्हायरस स्वतःच्या हातांनी पुन्हा जिवंत करणारा अख्ख्या श्रीवर्धनात मी एकटाच असेन.

तो घरात आला तोही माझ्याच कृपेने. एका दुपारी मी कॉम्प्युटरवर भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. (समुद्र आमच्या सुपारीच्या वाडीमागेच आहे. मान वळवली असती तरी भरती दिसली असती. पण नुसती मान वळवण्यात विज्ञान कुठे असतं?) भरती आली, पण जाहिरातींची! कर्ज घ्या, केस उगवा, अभिनंदन, तुम्ही मोटार जिंकलात! शेवटी मी अँटिव्हायरस बसवला. त्याने दिवाळीआधी घर झाडावं तसा कॉम्प्युटर झाडला आणि हिरव्या अक्षरांत "धोका टळला" असं जाहीर केलं. मी आळीभर सांगत फिरलो. नारळसुद्धा फोडला!

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्याच्या मधोमध एक पांढरा चौकोन. इंग्रजीत काहीबाही लांबलचक नाव आणि खाली मजकूर, की अमुक फाइल सुरू करताना अडचण आली, सांगितलेलं मॉड्यूल सापडलं नाही. त्याखाली एकच बटण, ओके.

"काय म्हणतोय तो?" बायकोने, म्हणजे सुनंदाने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"त्याचं काहीतरी हरवलंय."

"मग शोधून द्या! रविवारी माझा क्लास आहे, तेव्हा काही हरवलेलं चालणार नाही."

हा क्लास म्हणजे आमच्या घरातली त्या वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट. आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्या सुनंदाच्या उकडीच्या मोदकांवर इतक्या भाळल्या, की पुण्या-नागपूरच्या, एक तर थेट दुबईची, अशा सगळ्यांनी मिळून तिला ऑनलाइन शिकवायची गळ घातली. माझी माणगावची बहीण म्हणाली होती, "वहिनी, मोदक काय कॉम्प्युटरवर येतात का?" तेव्हापासून सुनंदा इरेला पेटलेली. मी मोबाइल सुचवून पाहिला. "त्या एवढ्याशा काचेवर कुणाच्या मोदकाची पारी फाटली ते मला कसं दिसणार?" असं म्हणून तिने मला गप्प केलं.

मी शेजारच्या वाडीतल्या यशवंतभाऊंना बोलावलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही, पण ते कुठेही मत देतात. त्यांनी तो चौकोन बघितला, मग अँटिव्हायरस उघडून बघितला. आत पकडलेल्या फायलींची एक कोठडी होती आणि त्या कोठडीत तेच लांबलचक नाव!

"आरं, ह्यो तर कोंडवाडा हाय!" भाऊ म्हणाले. "तू त्याचं ढोर पकडून कोंडलंस आनि मालक रोज सकाळी दारात येऊन इचारतोय, माझं ढोर कुठं हाय? सोड की!"

आता सांगा, ह्यात खोट काढायला जागा आहे? भटकं ढोर कोंडवाड्यात जातं, मालक शोधत येतो, ढोर सुटतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच न्याय आहे. मी बटण दाबलं. अँटिव्हायरसने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. त्याने पुन्हा विचारलं. इतक्या काकुळतीने मला लग्नातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं!

कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. चौकोन नाही! भाऊंनी माझ्या पाठीत थाप मारली. "बघ! मालक खूश हाय!"

मालक इतका खूश झाला, की दुपारपर्यंत मी आणखी दोन मोटारी जिंकल्या.

पुन्हा झाडझूड, पुन्हा अटक. आणि पुन्हा सुरू करताच चौकोन हजर! म्हणजे व्हायरस ठेवला तर चौकोन नाही, व्हायरस काढला तर चौकोन आहे. दोघांपैकी एकाला घरात जागा द्यायचीच होती. मी चौकोनाला दिली.

"ते ओके दाबून टाका ना एकदाचं!" सुनंदा करवादली.

"ओके म्हणजे आपला होकार! कशाला होकार देतोय ते तरी कळू दे." एकदा हात पोळलेला माणूस मी. चौकोन माउसने ओढून कोपऱ्यात नेऊन ठेवला.

रविवार उजाडला. सुनंदा जरीच्या काठाची साडी नेसली, तिने उकड काढली, ओल्या फडक्याखाली झाकली. पडद्यावर एकेक बाई दिसू लागली आणि नेमकी दुबईची बाई कोपऱ्यातल्या चौकोनाखाली गेली.

"अहो, तिची पारी दिसत नाहीये मला!"

"सरकवतो." मी सरकवला, तर नागपूरची मीनल झाकली गेली. पुन्हा सरकवला, तर पुण्याच्या दोघी गेल्या.

"उकड गार होतेय, अहो! एकदा गार झाली की मोदक फाटणार, आणि ह्या म्हणणार, मला शिकवता येत नाही!" पीठ माखलेल्या हातांनी तिला डोळेही पुसता येईनात. तिथे मात्र माझं पाणी पाणी झालं. त्या घाईत मी भलतंच बटण दाबलं आणि पाहता पाहता आमचा अख्खा पडदा सगळ्या बायकांना दिसू लागला. (मागे माझा घोडागाडीतला गॉगल घातलेला फोटो, पुढे चौकोन.)

मीनल हसू दाबत म्हणाली, "काका, व्हायरस आला होता का?"

"दोनदा," सुनंदाने माझ्या आधी सांगून टाकलं.

"मग हे त्याचं मागे राहिलेलं आहे. फाइल गेली, पण कॉम्प्युटर सुरू झाला की तिला हाक मारायची, ही सूचना तशीच राहिली. ती फाइल शोधायची नाही काका, हाक बंद करायची!"

"म्हणजे दूधवाला बंद केला, पण हे रोज पहाटे दारात पातेलं ठेवतायत!" सुनंदा म्हणाली. (तिला कळलं. एका वाक्यात!)

"अगदी बरोबर, काकू! काका, आधी ओके दाबा. काही होत नाही."

मी डोळे मिटून दाबलं. काही झालं नाही. मग मीनलने टास्क मॅनेजर उघडायला लावला, स्टार्टअपची, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांची, यादी काढली. त्यात ते लांबलचक नाव शहाण्यासारखं बसलेलं! त्यावर उजवी टिचकी, 'डिसेबल'. संपलं. मालकाचा उंबरठाच बंद!

"आता एकदा रीस्टार्ट करा. आम्ही थांबतो."

पडदा काळा झाला. सुनंदा उकडीवर हात ठेवून उभी, मी देव आठवत उभा. पडदा उजळला. माझा गॉगलवाला फोटो दिसला आणि त्यापुढे... काहीच नाही! निव्वळ मोकळा, स्वच्छ, रिकामा पडदा! मी आयुष्यात इतका देखणा कधी दिसलो नव्हतो.

बायका पुन्हा जमल्या. सुनंदाने फडकं उचललं, उकड दाबून पाहिली आणि म्हणाली, "कोमट आहे. तेलाचा हात लावा आणि मळा पटापट!" तासाभरात प्रत्येकीच्या ताटात मोदक उभे होते. दुबईचा जरा कलंडलेला होता, पण तोही हसत होता.

क्लास संपल्यावर मीनल म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी बाकी सगळं असंच असू दे. फक्त सुरुवातीला काका..." आणि थांबली.

"कळलं," सुनंदा म्हणाली.

तेव्हापासून क्लासच्या दिवशी मी घरात आपोआप सुरू होत नाही. हाक आली तर येईन, असं सांगून वाडीत जाऊन बसतो. इतके क्लास झाले, अजून एकदाही हाक आलेली नाही. आणि आश्चर्य म्हणजे, मी सापडत नाही म्हणून कुठेही कसलाही चौकोन येत नाही!