मातीत झाडलेला बार

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वस्तीत, परवाना असलेल्या बारा बोअरच्या बंदुकीतून एक बार झाडला गेला. छर्रा कोणालाही लागला नाही, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही. बंदूक ज्यांची होती ते आमचे शेजारी. बार झाल्यावर तासाभरात ते स्वतःहून पोलीस ठाण्यात गेले. मी त्यांच्याबरोबर होतो.

वस्तीत त्यांना सगळे मामा म्हणत. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते एका सुरक्षा एजन्सीमार्फत बँकेच्या शाखेत गनमन म्हणून लागले होते. ज्यांनी ही नोकरी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली बंदूक बहुतेक वेळा बँकेची नसते. ती त्याची स्वतःची असते आणि परवाना त्याच्या नावावर असतो. परवाना गेला की बंदूक जाते आणि बंदूक गेली की नोकरी. मामांच्या पेन्शनवर सोलापूरकडचं घर चालायचं. मुलुंडचं घर चालायचं ते बँकेच्या पगारावर.

त्यांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्याच शेजारच्या खोलीत राहायची. नवरा गेल्यावर तिने वीस-एक वर्षं वस्तीशेजारच्या टॉवरमधल्या घरांतून धुणीभांडी केली. गुडघे गेले तशी कामं सुटली आणि तिने बकऱ्या पाळल्या. खोलीच्या मागे, डोंगराच्या कडेला, पत्र्याचं खोपटं होतं. महापालिकेच्या नियमात ते कितपत बसत होतं हे आम्ही कोणी विचारलं नाही. बकरी ईदच्या आधी बोकड विकले जायचे आणि त्यावर आक्काचं वर्ष निघायचं.

टाळेबंदी संपून वर्ष-दोन वर्षं झाली तेव्हा डोंगराच्या बाजूने कुत्री उतरू लागली. गल्लीतली आमची कुत्री वेगळी. ती दारात झोपायची आणि ओळखीच्या माणसाला शेपूट हलवायची. ही कुणाची नव्हती आणि एकत्र यायची. गणपतीनंतर त्यांनी आक्काचं एक करडू नेलं. पंधरवड्यात दुसरं. दुसऱ्याचं नुसतं पुढचं धड राहिलं होतं. आक्काने ते पदरात घेऊन अख्ख्या गल्लीला दाखवलं. ती रडत नव्हती. ती भावाच्या दारात उभी राहून ओरडत होती.

“कपाटात काय ठिवलंयस रं? कुत्री माझी लेकरं खाऊन ऱ्हायलीत आन तू कुलूप लावून बसलायस!”

मामा म्हणाले, “आक्का, ती बंदूक चोरासाठी आहे. कुत्र्यासाठी नाही.”

“मग कुत्र्याला सांग की, तू चोर न्हाईस म्हणून!”

समोरच्या खोलीतल्या मालवणी शेजाऱ्यानेही सोडलं नाही. हे गृहस्थ गिरणीकामगाराचे चिरंजीव, स्वतः रिक्षा चालवायचे आणि मामांच्या बरोबरीचे. “माज्या आज्याकडे ठासणीची बंदूक होती, गावाक,” ते म्हणाले. “शेतीसंरक्षणाची. डुकर शेतात इलो की वाजलीच! तुजी ही कसली रे बंदूक? दसऱ्याक फुला वाहूची?”

“फुलं कशाला?” मामा म्हणाले. “ती पगार आणते, तेवढं बास.”

पण त्याच संध्याकाळी ते मला घेऊन खोपट्यामागे गेले. का नेलं ते मला आधी कळलं नाही. त्यांनी हाताने दिशा दाखवल्या. वर डोंगरावर घरं. खाली शाळेकडे जाणारी वाट. उजवीकडे टॉवरच्या मोटारींची जागा. “आता सांगा पत्रकार, छर्रे कुठे जातील?” मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो आणि मामा मला याच नावाने हाक मारत. मी डावीकडे बघितलं. तिथे नव्या टॉवरच्या पायाची उपसलेली माती टाकली होती, दीड माणूस उंचीचा ढीग. मामा म्हणाले, “तेवढीच एक जागा. आणि तिथे कुत्री येत नाहीत.” मग ते परत फिरले.

दुसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले. हे मला त्यांनी सांगितलं आणि पुढे तिथल्या अधिकाऱ्यांनीही त्याला दुजोरा दिला. मामांनी सरळ विचारलं होतं की मी काय करू शकतो. अधिकाऱ्यांनीही सरळ उत्तर दिलं. “कुत्रा मारलात तर केस. वस्तीत उगाच बार काढलात तरी केस, आणि परवान्याचा अहवाल मीच पाठवणार. माणसाच्या जिवावर आलं तर गोष्ट वेगळी. पण ते आलं होतं हे तुम्हाला दाखवावं लागेल.” मामांचा परवाना त्या वर्षअखेरीला नूतनीकरणाला जायचा होता. त्यांनी सॅल्यूट केला आणि घरी आले.

मग त्यांनी बंदूक सोडून बाकी सगळं केलं. खोपट्याला खालून जाळी मारली. महापालिकेकडे तक्रार केली. गाडी आली, जाळ्यात दोन कुत्री सापडली, काही दिवसांनी नसबंदी होऊन, कानाला खाच पाडून, नियमाप्रमाणे त्याच जागी परत सोडली गेली. “हवापालट करून इली,” मालवणी शेजारी म्हणाले. “आता भूक दुप्पट!” रोज सकाळी कामावर जायच्या आधी मामा गणवेश घालून, काठी घेऊन खोपट्यापाशी बसायचे. बुटांना पॉलिश, कमरेला पट्टा, आणि समोर सहा बकऱ्या. शाळेत जाणारी मुलं त्यांना सलाम ठोकायची. मामा प्रत्येक सलाम परत करत. मला हसू यायचं आणि त्याच वेळी या माणसाबद्दल आदर वाटायचा. ज्याच्याकडे बंदूक आहे त्याने काठी घेऊन बसणं सोपं नसतं, विशेषतः बहीण बोलत असताना.

टॉवरमधल्या एका निवृत्त शिक्षिका या कुत्र्यांना खायला घालत. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. रोज सकाळी त्या दूध-भात घेऊन डोंगराच्या वाटेवर यायच्या. मामांनी त्यांना एकदाच विनंती केली होती की खाणं खोपट्यापासून लांब ठेवा. “जागा बदलली की त्यांची भांडणं होतात,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही त्या काठीने त्यांना घाबरवता, त्याने ती अधिक चिडतात.” आक्का मध्ये पडली, “तुमची भूतदया आन माझी करडं!” बोलणं तिथेच थांबलं.

त्या रविवारी बार होईपर्यंतचं मी पाहिलेलं नाही. आक्काने आणि मामांनी वेगवेगळं सांगितलेलं जेवढं जुळतं तेवढंच लिहितो.

रविवार हा मामांचा बंदूक साफ करायचा वार. बंदूक उंबऱ्याशी होती, काडतुसं आत कपाटात. आक्का खोपटं उघडायला गेली. जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली होती आणि एका कुत्र्याने करडाचा मागचा पाय धरला होता. आक्काने करडू ओढलं. कुत्र्याने करडू सोडून तिचा हात धरला. ती पडली आणि बाकीची कुत्री जवळ आली. मामा आधी काठी घेऊन धावले. काठी एकाच्या पाठीवर मोडली, तरी कुत्री हटेनात. एकाने आक्काच्या मानेजवळचा पदर धरला तेव्हा मामा मागे फिरले, कपाट उघडलं, बंदुकीत एकच काडतूस भरलं आणि परत आले. बहिणीपासून चार हातांवर उभे राहून त्यांनी नळी डावीकडे वळवली आणि मातीच्या ढिगात बार काढला.

मला आवाज ऐकू आला तेव्हा मी चहा गाळत होतो. बाहेर आलो तर कुत्री डोंगराकडे पळत होती, त्यातलं एक लंगडत होतं. आक्का मातीत बसली होती. उजव्या हातातून रक्त येत होतं आणि डाव्या काखेत करडू होतं, जिवंत. मामा बंदूक उघडून रिकामं काडतूस बाहेर काढत होते. ते त्यांनी रुमालात गुंडाळलं.

“आक्काला तुम्ही न्या,” ते मालवणी शेजाऱ्यांना म्हणाले. “कुत्रा चावल्याची सुई लागेल, लगेच.”

शेजाऱ्यांनी रिक्षा काढली. त्या दिवशी ते एक शब्दही वाकडा बोलले नाहीत.

ठाण्यात तेच अधिकारी होते. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग रुमालाकडे.

“शेवटी वाजवलीत?”

“वाजवली साहेब. मातीत. एकच काडतूस भरलं होतं.”

“दोन नळ्यांची आहे ना? मग एकच काडतूस का भरलं?”

“दुसऱ्याची गरज लागली असती तर दुसरं भरलं असतं.”

अधिकाऱ्यांनी जबाब लिहून घेतला आणि चौकशी होईपर्यंत बंदूक जमा करून घेतली. मामांनी पावती घेतली. परतताना ते फक्त एवढंच म्हणाले की उद्या बँकेत काय सांगायचं ते ठरवायला हवं. त्यांनी खरं तेच सांगितलं. एजन्सीने त्यांच्या जागी दुसरा गनमन पाठवला.

दुपारपर्यंत टॉवरच्या एका मजल्यावरून काढलेली चित्रफीत मुलुंडभर फिरली. तिच्यात बार दिसत नव्हता. पळणारी कुत्री दिसत होती, लंगडणारं कुत्रं दिसत होतं आणि हातात बंदूक घेतलेला माणूस दिसत होता. खाली लिहिलं होतं, ‘सुरक्षारक्षकाने कुत्र्याला गोळी घातली’. संध्याकाळी ‘घातली’चं ‘ठार केलं’ झालं. आमच्या वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीनेही मला फोन केला. मी पाहिलं होतं तेवढं सांगितलं आणि कुत्रा मेल्याची खात्री झालेली नाही हेही सांगितलं. बातमी छापून आली नाही.

मॅडमनी त्याच रात्री तक्रार दिली. तक्रारीत त्यांनी लिहिलं की या गृहस्थांनी कुत्र्यांना यापूर्वीही काठी दाखवली आहे आणि एक कुत्रं जखमी झालं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पोलिसांनी मामांना सांगितलं की कुत्र्याच्या अंगात छर्रा निघाला तर परवान्याचं काही खरं नाही.

त्या आठवड्यात मामा रोज सकाळी उठून गणवेश घालत नसत, एवढाच फरक मला दिसला. आक्का हाताला पट्टी बांधून दारात बसायची आणि भावाशी बोलायची नाही. एकदा मला म्हणाली, “माझ्यापायी गेलं रं त्याचं.”

गुरुवारी मॅडम वस्तीत आल्या. पहिल्यांदाच. दारात आक्का होती.

“आता काय ऱ्हायलं?” आक्का म्हणाली. “पोलीस झालं, बंदूक गेली. आता बकऱ्या बी न्या.”

“तुमचा हात कसा आहे?” मॅडमनी विचारलं.

“हाय. तुमच्या पोरांनी सोडला तेवढा हाय.”

मॅडम उभ्याच राहिल्या. मामा बाहेर आले, मीही आलो. मॅडमनी आम्हाला तिघांना सांगितलं ते असं. बार झाला त्या दिवशी एकही कुत्रं खायला आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन आली. बुधवारपर्यंत पाचही आली. त्या दूध-भात ठेवतात ती पाचच, आणि त्या प्रत्येकाला ओळखतात. लंगडणाऱ्याला त्यांनी गुरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. क्ष-किरण तपासणी झाली. अंगात छर्रा नव्हता. पाठीला मार होता, काठीचा.

“काठी मी मारली,” मामा म्हणाले.

“ते मी जबाबात लिहिणार आहे,” मॅडम म्हणाल्या. “आणि पाचही जिवंत आहेत हेही लिहिणार आहे.”

आक्का आत गेली. तिने स्टूल आणलं आणि दारात ठेवलं. “बसा,” ती म्हणाली. “च्या टाकते. बकरीच्या दुधाचा हाय, चालंल का?”

मॅडम बसल्या.

तक्रार ज्यांनी केली त्यांनीच दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब दिला, डॉक्टरांचा दाखला जोडला. वर्तमानपत्राच्या कामात मी अनेक तक्रारी पाहिल्या. आपल्याच तक्रारीतलं चुकीचं ठरू शकणारं आधी स्वतः तपासून मग ते ठाण्यात सांगायला जाणारी माणसं फार थोडी पाहिली. त्यांचं मत बदललं नव्हतं. बंदूक वस्तीत नको, असं त्या आजही म्हणतात. मामांनाही त्याबद्दल वाईट वाटलेलं दिसलं नाही. “त्यांचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “नकोच.”

पंचनाम्यासाठी पोलीस आले तेव्हा वस्ती गोळा झाली. हवालदारांनी मातीचा ढीग खुरप्याने उकरला. छर्रे हाताच्या पंजाएवढ्या जागेत सापडले. मालवणी शेजारी पंच होते. सही करून ते मामांकडे वळले आणि म्हणाले, “माज्या आज्यान येवढ्यात डुकर मारल्यान असतो.” मग पेन हवालदारांना परत देत, “पण तो जंगलात होतो.”

मॅडमनी खाणं ठेवायची जागा डोंगराच्या पलीकडच्या वळणावर नेली. पहिले काही दिवस कुत्र्यांची भांडणं झाली, त्यांनी सांगितलं होतं तशीच. त्या तिथे उभ्या राहून ती सोडवत. खोपट्याला मामांनी खाली सिमेंटचा पट्टा घातला.

चौकशीचा अहवाल डिसेंबरात वर गेला. त्यात जिवाला धोका असल्यामुळे बार झाडल्याचं, बारामुळे कोणालाही इजा न झाल्याचं आणि परवानाधारकाने स्वतः खबर दिल्याचं नमूद होतं. अहवालात काय आहे हे अधिकाऱ्यांनी मामांना वाचून दाखवलं. बंदूक फेब्रुवारीत परत मिळाली. परवान्याचं नूतनीकरण त्यानंतरच्या महिन्यात झालं. जुन्या शाखेतली जागा भरली गेली होती, म्हणून एजन्सीने मामांना त्याच बँकेच्या घाटकोपरच्या शाखेत पाठवलं. एका सोमवारी ते तिथे रुजू झाले.