इर्जिकीची फेड

काकीनं रांधलेलं जेवण बांधावर तसंच पडून राहिलं आणि तिनं विचारलेला प्रश्न मी गिळून टाकला. जेवण मॅडमनी नाकारलं. प्रश्न मी गिळला. म्हणून आधी माझं सांगतो.

गेल्या आषाढातली दुपार होती. आमचं गाव हिर्डोशीच्याही वरच्या अंगाला. काकी म्हणजे माझी चुलती. तिच्या खाचरात परदेशातून आलेली मुलं भात लावत होती. शाळा संपली की कॉलेजात जाण्याआधी एक वर्ष मोकळं ठेवायचं, देश फिरायचे, गरिबांची कामं करायची, अशी त्यांच्याकडं पद्धत. आमच्याकडं पोराचं एक वर्ष मोकळं गेलं तर लोक विचारतात, कशात नापास झाला. पुण्याची एक संस्था त्या मुलांना आणायची, उत्रोलीला बंगल्यात उतरवायची. मी त्या संस्थेची गाडी चालवायचो आणि दुभाष्याचं काम करायचो. भोरला बी.ए. झालो, पुण्यात हॉटेलच्या काउंटरवर इंग्रजी शिकलो. गावात या बोलीचा मला लई माज होता.

काकीनं पहाटेच चूल पेटवली होती. घरातला कोंबडा कापला. तांदळाच्या भाकरी, रस्सा, भात. पाटी डोक्यावर घेऊन ती बांधावर आली, पानं मांडली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बसव त्यास्नी. लई वेळ वाकल्याती."

मॅडम पुढं आल्या. संस्थेचा सगळा कारभार त्यांच्याकडं. पाटीत डोकावल्या आणि मला म्हणाल्या, "हे कुणी सांगितलं करायला? पोटं बिघडतील मुलांची. त्यांचे डबे काढा गाडीतून. आणि तुम्ही इथं बसू नका, गाडी चिखलानं भरलीय, ती धुऊन घ्या."

मी डबे काढले. मुलांनी बांधावर बसून ब्रेडचे तुकडे खाल्ले. काकी पाटीशेजारी उभी. पानं वाऱ्यानं उडायला लागली तशी तिनं त्यांच्यावर दगड ठेवले. मी गाडी धुवायला गेलो.

आमच्याकडं लावणी इर्जिकीनं होते. आज सगळा गाव माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. कुणाचा दिवस कधी, ते देवळाच्या पायरीवर बसून ठरतं. ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं आणि जे हात आले त्यांच्या रानात जाऊन फेड करायची. काकीला माणूस नाही. चुलता गेला, मुलगी सासरी. एवढं एकच खाचर, वर्षाचा भात त्यातच. पण दुसऱ्याच्या रानात ती सगळ्यांच्या आधी उतरते. म्हणून तिच्या दिवशी गाव मागं राहत नाही.

तो दिवस मी मोडला. मॅडमना एकट्या बाईचं रान हवं होतं, आणि फोटोत गावातलं कुणी नको होतं. मी देवळाच्या पायरीवर जाऊन सांगितलं, "काकीकडं यायची गरज न्हाई, पाहुणं लावत्यात." लोक दुसऱ्याच्या रानात गेले. काकीला सांगितलं की पाहुणे इर्जिकीला येतायत. तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी पुतण्या होतो.

संध्याकाळी मुलं निघाली. काकी गाडीपाशी आली. मुलांत एक उंच मुलगी होती, दिवसभर खाली मान घालून राबलेली. काकीनं तिचा हात धरला आणि मला म्हणाली, "इचार तिला, तिच्या गावात लावणी कवा असती? मला फेडाया जायाचं हाय. लांब आसंल तर आसू दे."

मुलगी माझ्याकडं बघत राहिली. काय म्हणतायत या, तिनं इंग्रजीत विचारलं.

मॅडम हसल्या. मलाही हसू आलं. हेही लिहितो. मला हसू आलं. मी इंग्रजीत सांगितलं, ती तुमचे आभार मानतेय. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकी गोंधळली.

"काय म्हणली? कवा यायाचं?"

"काकी, त्यास्नी फेड नको. मोटी मानसं हायती."

तिनं मुलीचा हात सोडला. "जेवली न्हाईत. फेड नको म्हंत्यात. मंग ही इर्जिक कुटली? भीकच घातली की मला."

त्यानंतरच्या पहिल्याच जोराच्या सरीत खाचर भरलं आणि रोपं सुटली. वरवर खोचलेली, मुळं धरलीच नव्हती. पाण्यावर तरंगत बांधाला येऊन लागली. काकी ती दोन्ही हातांनी गोळा करत होती, पुन्हा लावत होती, पुन्हा सुटत होती. नव्यानं लावायला तरवा, म्हणजे भाताची रोपं, गावात कुणाकडंच उरला नव्हता. गावाचे हात ज्याच्या त्याच्या रानात अडकलेले. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मुलं शिकतायत. अनुभव महत्त्वाचा असतो."

खाचर पडून राहिलं. दिवाळीनंतर काकी विंझरला माहेरी गेली आणि भावाच्या मळ्यात मजुरीला राहिली. धाकट्या भावजयीच्या हाताखाली. या वयात. परतली तेव्हा माझ्या दारावरून सरळ निघून गेली.

आणि मी? मी गाडी चालवत होतो.

यंदा नवी मुलं आली. उत्रोलीच्या बंगल्यात भिंतीवर काकीचा मोठा फोटो लावलेला, खाली इंग्रजीत ओळ: हिला कुणी नव्हतं, मग आम्ही आलो. मॅडम म्हणाल्या, "त्या बाईंना घेऊन या स्वागताला. तीच साडी नेसायला सांगा."

मी म्हणालो, "हिला कुणी नव्हतं हे खोटं आहे. अख्खा गाव होता. मी त्यांना परत पाठवलं."

"तुम्हाला बोलायला ठेवलंय. विचार करायला नाही."

समोर मुलं बसली होती. मी त्यांच्याकडं वळलो आणि वर्षभर पोटात ठेवलेला काकीचा फेडीचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला. मग पडलेल्या खाचराचं सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाडीची चावी फोटोखालच्या टेबलावर ठेवली आणि स्टँडवर येऊन एसटी धरली.

काकीच्या दारात गेलो. ती तांदूळ निवडत होती, भावानं दिलेला. मी म्हणालो, चुकलो. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"हितं कशाला सांगतूस? माजा दिस तू चार मानसांत मोडलास. तितंच सांग."

म्हणून लावणीचे दिवस ठरत होते तेव्हा मी देवळाच्या पायरीवर उभा राहिलो. गाव बसलेला. काकी खांबाजवळ, पाठमोरी. तिनं वळून बघावं म्हणून मी थांबलो. ती वळली नाही. मग मी बोललो.

"काकी, गेल्या साली तुमचा दिस म्या मोडला. गावाचं हात माघारी लावलं, तुमचं बोलनं गिळलं, वर हसलो. संस्थेनं करायला लावलं आसं म्हननार न्हाई, म्या केलं. यंदा पयला दिस तुमचा. माजं रान सगळ्यांच्या शेवटाला, ऱ्हायलं तर पडू द्या. आन परत कुनी ह्या गावात फुकट राबाया आलं, तर आदी फेड कवा घेनार ते इचारीन, आन जेवल्याबिगर खाचरात उतरू देनार न्हाई. माजं चुकलं, काकी."