चाचांच्या हातांकडे बघणारी

पर्वतीच्या मागच्या बाजूला माझं छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याचे सुटे भाग कापायच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, आम्ही बनवायचो. माणसं पाच, पण खरा भार एकट्या चाचांवर. ते आमचे फिटर. यंत्रावरून उतरलेल्या डायवर ते शेवटची कानस फिरवत, कडेवरून अंगठा नेत आणि म्हणत, "झालं." चाचा झालं म्हणाले की मी पुन्हा तपासत नसे.

एक दिवस ओळखीच्या आयटीआयतल्या शिक्षकांचा फोन आला. एका मुलीला वर्षभर शिकाऊ म्हणून घ्याल का? मी टाळाटाळ केली. शिकवण्यात वर्ष जाणार आणि हात बसला की ती मोठ्या कारखान्यात जाणार, मग मला काय मिळणार?

"अहो, तुमचे फिटर काय कानस हातात घेऊनच जन्माला आले?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

मुलगी पुण्याजवळच्या मांजरी गावची, घरी उसाची शेती. दोन बस बदलून ती सगळ्यांच्या आधी हजर असायची. पहिल्याच आठवड्यात तिनं चाचांना विचारलं, "चाचा, कानस पुढं ढकलतानाच का दाबायची? माघारी आणताना का न्हाई?"

चाचा जन्मभर तसंच करत आले होते, पण कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी कानशीच्या दातांवरून बोट फिरवलं. "दातांची तोंडं पुढे आहेत, बेटा. मागे आणताना दाबलीस तर कापणार काहीच नाही, उलट दात मरतील."

मी टेबलाशी बसून ऐकत होतो. मालक असून हे कारण मलाही तेव्हाच कळलं.

पुढे चाचा मापं तिच्याकडूनच वाचून घेऊ लागले. "वाच बघू. सवय होऊ दे." मला बरं वाटलं. म्हातारा मन लावून शिकवतोय, असं मी घरीही सांगितलं.

चार महिन्यांनी एक डाय परत आली. तिच्यातून निघणाऱ्या भागांच्या कडा खरबरीत होत्या. इतक्या वर्षांत आमचा माल कधी परत आला नव्हता. मी सरळ त्या मुलीला बोलावलं.

"मापं कोणी वाचली होती?"

तिनं एकदा चाचांकडे पाहिलं. "मीच, साहेब."

मी सगळ्यांसमोर तिला नको तितकं बोललो. ती ऐकून घेऊन परत कामाला लागली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत चाचा माझ्यासमोर येऊन बसले. "शेठ, पोरगी खोटं बोलली. ही डाय झाली तेव्हा ती परीक्षेला गेली होती. हजेरी बघा. मापं मी वाचली." मग म्हणाले, "मला मोजपट्टीवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत. वर्ष होत आलं."

मी हजेरी उघडली नाही. उघडायची लाजच वाटली. मुलीला आत बोलावून विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"दुसऱ्या महिन्यापास्नं. चाचा मोजपट्टी दाराच्या उजेडात तिरपी धरायचे. मी दिवसभर त्यांच्या हाताकडंच बघते ना, साहेब."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्यांना काढलं असतं."

ती चुकीचं बोलत होती, असं मी आजही ठामपणे म्हणू शकत नाही. चाचा माझ्यापासून दहा पावलांवर उभे राहायचे. मी फक्त तयार झालेला माल बघत होतो. शिकणाऱ्याला मात्र शिकवणाऱ्याचा हात बघावाच लागतो, त्याशिवाय शिकणार कसं? मी तिची माफी मागितली. नीट जमली नाही, पण मागितली.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकापाठोपाठ एक दोन्हींचं ऑपरेशन झालं. ते घरी होते त्या काळात वर्कशॉप बंद पडलं नाही, कारण त्यांचं निम्मं काम तोवर तिच्या हातात उतरलं होतं. अडलं की ती अर्धवट डाय पिशवीत घालून त्यांच्या घरी जायची. चाचा कडेवरून अंगठा फिरवून सांगायचे, "इथे अजून." चष्मा लावून ते परत आले, त्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढे वाटले.

वर्ष संपल्यावर ती गेली. मी म्हटलं होतं तशीच, चाकणच्या मोठ्या कारखान्यात. मला वाईट वाटलं, पण तिला घेतलं ही चूक झाली असं कधी वाटलं नाही. तिला शिकवताना चाचांनी जे तोंडानं सांगितलं, ते बाकीच्यांच्याही कानावर पडलं होतं. नाहीतर ते सगळं एक दिवस चाचांबरोबरच गेलं असतं.

त्यानंतर दर वर्षी मी एक शिकाऊ घेत आलो. महिनाभरानं त्याला समोर बसवून विचारतो, "इथं आम्हाला न दिसणारं तुला काय दिसतं?" गेल्या खेपेचा मुलगा म्हणाला, "सर, ग्राइंडरचा दिवा माणसाच्या पाठीमागे आहे. आपलीच सावली कामावर पडते."

दिवा वर्षानुवर्षं तिथेच होता. आम्ही तो त्याच दुपारी हलवला.