वहीतला दोन मिलिमीटर पाऊस

शाळेतून निवृत्त झालो आणि मला हवामान मोजायचा नाद लागला. सायकलच्या बेअरिंगवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण बसवला. पावसासाठी सरळ काठांचा स्टीलचा डबा अंगणात ओट्यावर पक्का केला. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, वहीत लिहायचं, पाणी पुसून काढायचं. आठ वर्षांत एक दिवस चुकवला नाही. गाव हसायचं, "गुरुजी, ढगाला पट्टी लावताय व्हय?" हसा लेको!

यंदा पावसानं पार दडी मारली. विहिरींनी तळ गाठला. टँकर मागितला, तर तालुक्याचे साहेब म्हणाले, तुमच्या महसूल मंडळात पाऊस झालाय. मंडळाचं पाऊस मोजायचं यंत्र डोंगरापलीकडच्या गावात. तिकडे पडलेला पाऊस आमच्या नावावर! मग त्याच हसणाऱ्या गावाला माझी वही आठवली. मी ती ताठ मानेनं साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी पानं चाळली. "गुरुजी, तुमच्याच वहीत दर दोन-चार दिवसांनी दोन मिलिमीटर लिहिलंय. पावसाला खंड कुठाय?"

अक्षर माझंच होतं. पहाटे भुरभुर झाली असेल, असं समजून मी लिहीत गेलो होतो. सोबत आलेल्या गावकऱ्यांपुढे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन आदळआपट केली. बायको शांतपणे म्हणाली, "आवं, तुमी पुसून गेलात की मीच घालते त्यात घोटभर पानी. रिकामं भांडं अंगणात ठिवू न्हाई, घराला बरं नसतं."

पहिल्या दिवसापासून! उन्हात ते आटून जायचं; आभाळ भरून असलं की तळाशी उरायचं, आणि मी मूर्ख ते पाऊस म्हणून लिहायचो. आता त्या वहीतला खरा पाऊस कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

गावाला तिचं नाव सांगितलं नाही. माझंच चुकलं म्हणालो. टँकर आला नाही, येणारही नाही. ती गुडघे धरत लांबच्या बोअरवरून पाणी आणते. काल तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवताना माझ्या तोंडून पुन्हा निघालंच, "तुझ्या त्या घोटानं गावाचं पाणी तोडलं."

पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "ते कशाचं भांडं हाय, मला कदी सांगितलं का तुमी?"

अख्ख्या गावाच्या पोरांना विज्ञान शिकवलं मी. तिला एकदाही सांगितलं नव्हतं.