मिस्त्रीला दिलेलं उत्तर

मानवतजवळच्या एका गावात एक लहानसं घर आहे. त्याचं दार पूर्वेला, गल्लीकडे असायला हवं होतं. ते पश्चिमेला, मागच्या पडीक जागेकडे उघडतं. ही चूक माझी आहे, मिस्त्रीची नाही. एवढं सांगायला मला जवळजवळ वर्ष लागलं, म्हणून इथे ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी पुन्हा प्रास्ताविकात अडकेन. आमच्या जिल्ह्यातल्या आर्किटेक्टांच्या संघटनेचा मी सचिव आहे, आणि सचिवाला प्रास्ताविक आणि आभार या दोनच गोष्टी बोलू देतात. मधलं सगळं अध्यक्ष बोलतात.

संघटना म्हणजे आम्ही पंधरा-वीस जण. दर तीन महिन्यांनी मी एक पत्रक काढतो. वर संघटनेचं नाव, खाली ‘आगामी कार्यक्रम’. टाइल्सच्या कारखान्याला भेट, नांदेडहून येणाऱ्या कुणाचं तरी व्याख्यान, येलदरीच्या धरणावर सहकुटुंब सहल. शेवटचा मुद्दा वर्षानुवर्षं तोच असायचा: ‘समाजाभिमुख उपक्रम, तारीख नंतर कळवण्यात येईल.’ ती तारीख कधी कुणी कळवली नाही आणि कुणी विचारलीही नाही.

आमचं दुखणं असं की आम्ही कोण हे लोकांना माहीत नाही. परभणीत कुणाला ‘मी आर्किटेक्ट’ म्हटलं की तो म्हणतो, ‘म्हणजे इंजिनिअर.’ ‘नाही’ म्हटलं की तो म्हणतो, ‘मग?’ या ‘मग’चं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच धड नव्हतं. तेव्हा अध्यक्षांनी ठरवलं की आता समाजात जायचं. पहिला उपक्रम शहरातच झाला: गवंड्यांसाठी एक दिवसाची कार्यशाळा, ‘नकाशा कसा वाचावा’. शिकवायला मी होतो. मोठ्या उत्साहाने शिकवलं. नकाशावर बाण काढलेला असतो, तो उत्तर दाखवतो. बाण नसेल तर कागदाची वरची बाजू उत्तर समजायची. हे मी फळ्यावर लिहून सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं. पुढच्या रांगेत मानवतकडचे एक मिस्त्री बसले होते, पन्नाशीचे, वहीत सगळं उतरवून घेणारे. प्रमाणपत्र घेताना ते म्हणाले, ‘साहेब, इतके दिवस आमी अंदाजानं बांधायलो होतोत.’ मला फार बरं वाटलं.

दुसरा उपक्रम त्यांच्याच गावात झाला. मारुतीच्या सभामंडपात ‘मोफत घरबांधणी सल्ला शिबिर’. ‘मोफत शिबिर’ एवढंच वाचून सकाळी सकाळी दहा-बारा म्हातारी माणसं येऊन बसली. डोळे तपासायचे नाहीत म्हटल्यावर त्यांतले एक आजोबा म्हणाले, ‘मग बोलावलं कामून?’ अध्यक्षांनी त्यांना घराचं महत्त्व समजावून सांगितलं. आजोबा शेवटपर्यंत बसले आणि उठताना थेंब मागून गेले.

दुपारी एक जोडपं आलं. घरकुल मंजूर झालं होतं, जागा होती. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जाणार होती, पाडव्याच्या सुमाराला परतणार. बाई बोलायला खमक्या होत्या.

‘आमी नसतोत हितं. सासऱ्याला दिसत न्हाई. मिस्त्री बांधतेत, पण त्यायला कागद पायजे. कागद देता का बोलूनच धाडता?’

आता सांगायला लाज वाटते, पण आमच्याकडे कागद नव्हता. फलक होता, हार होते, शाली होत्या, सरपंचांसाठी स्मृतिचिन्ह होतं. नकाशे काढणाऱ्यांच्या शिबिरात कोरा कागद कुणीच आणला नव्हता. मी पत्रक उलटं केलं आणि ‘आगामी कार्यक्रमां’च्या मागच्या बाजूला त्यांचं घर काढलं. त्या हाताने दाखवत होत्या, ‘गल्ली ह्या अंगाला, पडीक त्या अंगाला,’ आणि मी त्यांचा हात जाईल तसं काढत गेलो. दार आणि ओटा गल्लीकडे, पूर्वेला. स्वयंपाकघर आग्नेयेला, न्हाणी मागे कोपऱ्यात. बाई कागद बघून म्हणाल्या, ‘ब्येस.’

मी दक्षिणेकडे तोंड करून बसलो होतो. म्हणजे माझ्या कागदावर वर दक्षिण होती. आणि बाण मी काढला नाही.

दिवाळीनंतर मिस्त्रींचा फोन आला. तेव्हा आमची बैठक चालू होती, पुढच्या फलकावर अध्यक्षांचा फोटो डावीकडे असावा की उजवीकडे यावर. मी उठून बाहेरही गेलो नाही.

‘साहेब, कागदावर बाण न्हाई. उत्तर कुठं धरू?’

‘वर. बाण नसला तर उत्तर वर. विसरलात का मिस्त्री?’

‘विसरलो न्हाई. पण तसं धरलं तर दार मागं जायलंय.’

समोर सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, ‘कागदावर आहे तसंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका.’

‘बरं साहेब,’ ते म्हणाले.

फोटो उजवीकडे ठरला.

मिस्त्रींनी त्या जोडप्यालाही फोन केला होता, हे मला नंतर कळलं. बाईंनी उसाच्या फडातून सांगितलं की साहेबांचा कागद हाय, साहेब म्हणतील तसं करा. मग मिस्त्रींनी कार्यशाळेत शिकले होते तसं, शिस्तीत, कागदाची वरची बाजू उत्तर धरून घर बांधलं. आमचे दोन्ही उपक्रम असे एकाच जागी यशस्वी झाले.

पाडव्याला जोडपं परतलं तेव्हा घराने गल्लीकडे पाठ केली होती. गल्लीच्या बाजूला कोपऱ्यात न्हाणी, तिचा पाइप येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाशी. दार मागे, बाभळींकडे. स्वयंपाकघरही मागेच, दुपारी तीननंतर ऊन सरळ चुलीपर्यंत यायचं. बाईंचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता.

‘साहेब, मिस्त्री म्हणतेत तुमीच दार मागं घ्या म्हणून सांगितलं. सांगितलं व्हतं का?’

मी म्हणालो, ‘ताई, मी असं कसं सांगेन?’

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ते खोटं नाही, कारण तो प्रश्न आहे. मी तो विचारला आणि उत्तर त्यांच्यावर सोडलं. त्यांनी ते दिलं. त्यांच्याकडून गावाकडे गेलं, आणि आठवड्याभरात मिस्त्रींचं नाव ‘उलटा मिस्त्री’ पडलं. साहेबांना फोनवर विचारून घेतलं होतं, असं मिस्त्री सांगायचे तेव्हा लोक म्हणायचे, ‘इंजिनिअर साहेब चुकतील का तू?’ आम्ही इंजिनिअर नाही हे पटवायला तिथे गेलो होतो. तेही जमलं नव्हतं.

मी गप्प राहिलो. आपण सांगायला गेलो तर संघटनेचं नाव जाईल, असं मी मनाशी म्हणायचो. जायला संघटनेचं नाव तिथे कुणाला माहीत होतं हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हतो.

पुढे पावसाळ्यात अध्यक्षांना त्या घराची आठवण झाली. शिबिरातून एक घर खरोखर उभं राहिलं आहे म्हणाले, आपण ते सगळ्यांना दाखवलं पाहिजे. ‘उपक्रमातून साकारलेल्या घरास भेट’ हा मुद्दा पत्रकात मीच टाइप केला. बोटं थांबली नाहीत. दोन गाड्या भरून आम्ही गेलो. अध्यक्ष घराभोवती फिरले, मागे गेले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘वा. गल्लीच्या गोंगाटाकडे पाठ केलीय. आतल्या बाजूला स्वतःचं अंगण. केवढा विचार केलाय.’

गावातले पाच-सात जण जमले होते. त्यांतला एक म्हणाला, ‘विचार लय हाय साहेब. ह्या घराला पाव्हणा आला की आधी न्हाणीला रामराम घालतो.’

सगळे हसले. आमचेही हसले, कारण त्यांना तो ग्रामीण विनोद वाटला. ‘मग घर कुणाचं म्हणायचं हे?’ असं अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘कागद साहेबांचा, घर उलट्या मिस्त्रीचं.’ मिस्त्री भिंतीशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी न्हाणीच्या पाइपाकडे बघत होतो. मग फोटो काढला. त्यात मी मध्ये आहे.

चार दिवसांनी मी एकटाच मोटरसायकलवर गेलो. मिस्त्री घरीच होते. कामाच्या दिवशी, सकाळी दहा वाजता, ते घरी होते. कोनाड्यात थापी आणि ओळंबा नीट पुसून ठेवले होते. त्यांनी चहा सांगितला. गावात दोन घरांचे पाये खोदायला घेतले होते, दोन्ही कामं दुसऱ्या मिस्त्रीला गेली, एवढं त्यांनी अगदी सरळ सांगितलं. यंदा दसऱ्यानंतर बायकोबरोबर उसाला जाणार होते. बाविसाव्या वर्षी थापी हातात घेतली आणि कोयता सोडला होता. आता पुन्हा घेणार.

मी घरून पाठ करून आणलेलं सगळं बोललो. बाण, दक्षिण, फोन, बैठक. माफी मागतो म्हणालो. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘मला कामून सांगायलाव साहेब? मला ठावं हाय.’

‘मला वाईट वाटतं मिस्त्री.’

‘वाटत असंल. पर तुमी हितं येऊन मला सांगणार, च्या पिणार, हलकं होऊन परभणीला जाणार. मी पुन्हा उलटाच. ज्यायला ठावं न्हाई त्यायला सांगा.’

‘बाईंना सांगतो.’

‘गावाला सांगा. नाव गावानं ठेवलंय, बाईनं न्हाई.’ मग म्हणाले, ‘आन् दसऱ्याच्या आत सांगा. नंतर मी ऐकायला नसतो.’

परतताना वाटेत मी दोनदा गाडी थांबवली. एकदा वाटलं परत जावं आणि पारावरच सांगून टाकावं. पण मी सचिव माणूस, कार्यक्रमाशिवाय बोलायची सवय नाही. पत्रकात त्याच गावात दुसरं शिबिर होतं, दसऱ्याच्या अलीकडच्या रविवारी. मी अध्यक्षांना सांगितलं, आभाराच्या वेळी मला थोडं जास्त बोलायचं आहे. ते म्हणाले, ‘दोन मिनिटं. लोकांना शेताला जायचं असतं.’

शिबिराला गर्दी बरी होती. या वेळी डोळ्यांची अपेक्षा ठेवून कुणी आलं नाही. ते जोडपं आलं होतं. मिस्त्री खांबाला टेकून बसले होते, आजूबाजूला जरा जागा मोकळी. अध्यक्ष पाऊण तास बोलले. मागच्या शिबिरातल्या घराचा मोठा फोटो करून आणला होता, तो दाखवला. लोक खुसखुसले. शेवटी माझं नाव पुकारलं.

मी सरपंचांचे आभार मानले. देवस्थानाचे मानले. चहा केलेल्यांचे, मंडप आणि माइकवाल्याचे मानले. आणखी कुणी राहिलंय का म्हणून आठवत राहिलो, आणि सतरंजी अंथरणाऱ्यांचेही मानले. लोक उठायला लागले. तेव्हा मी ते बोललो, डोळे कागदावर ठेवून, घाईघाईने. मान वर केली तर कुणाच्याच चेहऱ्यावर काही नाही.

पुढे बसलेला एकजण म्हणाला, ‘साहेब, माइक बंद हाय. आभार मानले की त्यानं वायर काढली.’

अध्यक्ष मागून म्हणाले, ‘झालं ना? चला.’

मिस्त्री उठले नव्हते. मी कागद खिशात घातला, व्यासपीठावरून खाली आलो आणि सतरंजीच्या कडेला त्यांच्यासमोर उभा राहिलो. उठलेले लोक काय झालं म्हणून थांबले. बाई नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाल्या, ‘थांबा, साहेब बोलायलेत.’

मी मोठ्याने म्हणालो, ‘ते घर मिस्त्रींनी उलटं बांधलं नाही. माझा कागद चुकला होता. त्यांना शंका आली, त्यांनी मला फोन करून विचारलं, दार मागे जातंय म्हणून सांगितलं, आणि मी त्यांना डोकं चालवू नका म्हणालो. पुढे ताईंनी मला सरळ विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. या गावात मिस्त्रींना जे नाव पडलं ते माझं आहे. मिस्त्री, मी तुमची माफी मागतो. ताई, तुमचीही.’