जनाना शोची कापाकापी

पडद्यावर ‘दि एन्ड’ आला, दिवे लागले, तरी खाली एकही बाई उठेना. मग बाकं वाजू लागली.

मी खामगावच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. तेव्हा कराटेचे पिक्चर नवेनवे आले होते. भाषा इंग्रजी, कोणाला कळायची नाही. पण गोष्ट कळायची. दुष्ट सरदार बापाला मारतो, थोरल्या भावाचा हात तोडतो, धाकटा मोठा होऊन सूड घेतो. रक्ताच्या चिळकांड्या नुसत्या.

गुरुवारी दुपारी आमच्याकडे जनाना शो असे. फक्त बायांसाठी. आदल्या दिवशी मालक कॅबिनमध्ये आले.

“मारामारी काप. बाया चक्कर येऊन पडतीन.”

“मालक, मग उरते काय?”

“घरगुती सीन ठेव. जेवणं, रडणं, बहिणीचं लग्न.”

मी कात्री घेतली. कापलेले तुकडे नंतर परत जोडायचे होते. म्हणून ते क्रमानं सिमेंटनं, म्हणजे फिल्म चिकटवायच्या औषधानं, जोडून एका वेगळ्या रिळावर गुंडाळून ठेवले.

उरलेला पिक्चर असा झाला : बाप भात खातो, लगेच त्याची चिता. भाऊ दोन हातांनी पाणी भरतो, लगेच एका हातानं जेवतो. घरात कोणी त्याला काही विचारत नाही. सरदार मिशीला पीळ देत फिरतो आणि शेवटी नाहीसाच होतो.

बाकं वाजत असतानाच कॅबिनचं दार उघडलं. मालकांच्या आई. त्यांना सगळे माय म्हणत. जिना चढून धाप लागली होती, पण आवाज खणखणीत.

“काऊन रे, बापाले ज्यानं मारलं तो मुडदा कुठी गेला?”

“माय, तो... मेला.”

“कोणं मारला? आमी तं पाह्यला नाही! त्याले मारल्याबिगर एकबी बाई उठत नाही, सांगून ठेवते.”

नोकरी मालकांच्या हातात होती आणि मालक मायच्या. मी ते वेगळं रीळ मशीनवर चढवलं.

वीस मिनिटं नुसती मारामारी. मधे भात नाही, लग्न नाही. बाप पडला तशा बाया हळहळल्या. हात तुटला तेव्हा शिव्या सुरू झाल्या. सरदाराला लाथा बसू लागल्या, तशी अर्धी टॉकीज उभी राहिली. “अजून एक दे बापू! बापाच्या नावानं दे!”

जनाना शोत पुरुषांना मज्जाव. मालक दाराबाहेर किंचाळ्या ऐकून घामाघूम झाले. शो सुटल्यावर मी खाली आलो, तर माय बाहेर येताच ते धावले.

“माय, चक्कर आली का?”

“मले? मले काय धाड भरली?” माय माझ्याकडे वळल्या. “चक्कर याले येते. लहानपणी याचा गुडघा फुटला का हाच आडवा. औषध लावाले मले दोघं जण धराले लागत.”

मालक पानाच्या ठेल्याकडे पाहू लागले. मला तेव्हा आठवलं, या पिक्चरच्या पहिल्या शोला हात तुटायच्या आधी ते “फोन आला” म्हणून उठले होते. आमच्या टॉकीजमध्ये फोनच नव्हता.

पुढच्या गुरुवारी पिक्चर अख्खा दाखवला. हाऊसफुल्ल. बाया डबे घेऊन आल्या होत्या.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मशीन चालवली. पब्लिकच्या नावानं कोणी काही कापायला सांगितलं, की मी कात्री उचलण्याआधी विचारायचो, “साहेब, तुम्ही स्वतः पाहिलं का पुरं?”

निम्मे लोक तिथूनच परत जायचे.